डॉडची होडी डावीकडून वळली

बॅथियानं नवऱ्याला पाठुंगळी घेतलं आणि ती गुडघाभर पाण्यात शिरली. त्या स्कॉटिश किनाऱ्यावर सगळ्याच कोळणी असं करत. पुरुषाचे बूट सकाळीच भिजले, तर दिवसभर समुद्रात तो गारठून मरायचा.

"केवढा जड झालायस रे डॉड!"

"तुझ्याच हातची लापशी," तो तिच्या कानाशी खिदळला. "पाडू नकोस हं, आई बघतेय."

त्याची आई गिर्झी वाळूवर उभी होती खरी, पण तिची नजर होडीवर होती.

डॉड चढला, गड्यांनी वल्ही मारली. उजवीकडे कोळशाचं एक गलबत नांगर टाकून पडलं होतं. त्याला चुकवायला डॉडनं सुकाणू फिरवलं आणि होडी डावीकडून वळून बाहेर पडली.

बॅथिया पाण्यातच दोन पावलं पुढे धावली. विडरशिन्स! सूर्याच्या चालीविरुद्ध! होडी वळायची ती उजवीकडून, सूर्य जातो तशी. प्रेत न्यायचं तेही तसंच. लापशीसुद्धा कुणी उलटी ढवळत नसे. शाळामास्तर म्हणत, हा शब्द जर्मन व्यापाऱ्यांच्या बोलीतून आलाय, मूळ अर्थ नुसता 'उलट वाटेनं'. आपल्या जुन्या लिखाणात तो येतो, तोही भीतीनं उलट्या उभ्या राहिलेल्या केसांसाठी. सूर्याचं लचांड म्हणे लोकांनी मागाहून चिकटवलं. मास्तरांचं काय जातंय बोलायला? त्यांचं कोण होतं त्या होडीत?

निघालेल्या होडीला मागून हाक मारणं, हाही अपशकुनच. बॅथियानं ओठ आवळून धरले. होडी एव्हाना खडकांच्या रांगेबाहेर पोचली होती. पण संध्याकाळपर्यंत हा घोर घेऊन बसायचं? छे, तिला ते सोसणारं नव्हतं.

"डॉड!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "विडरशिन्स गेलास रे! विडरशिन्स!"

वल्ही थांबली. गडी एकमेकांकडे बघायला लागले. डॉडनं हात वर करून 'कळलं' अशी खूण केली आणि होडी माघारी वळवली. परत आत यायचं, उजवीकडून वळायचं, मग निघायचं. दुसऱ्या कुणीही हेच केलं असतं.

ते खडकांशी पोचले आणि भूशिरामागून काळं वादळ अंगावर आलं.

"नको वळूस!" बॅथिया कमरेएवढ्या पाण्यात धावली. "सरळ किनाऱ्याला ये! तसाच ये रे!"

वाऱ्यात तिचं तिलाच ऐकू येईना. होडी हळूहळू उजवीकडून फिरली, अगदी रीतीप्रमाणे, आणि आडवी झाली. लाटेनं ती उचलली आणि खडकावर आपटली.

दोर टाकून लोकांनी गड्यांना ओढून काढलं. डॉड तेवढा सापडला नाही.

बॅथिया ओल्या वाळूत बसली होती. गिर्झी तिच्याजवळ आली. आता ही आपला गळा धरणार, असंच तिला वाटलं. पण म्हातारीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

"हाक मारलीस, फार बरं केलंस गं पोरी. माझा लेक निदान सुलट वळून गेला."

"आई, तो खडकांच्या बाहेर पडला होता हो," बॅथियाचे दात वाजत होते. "सुखरूप गेला होता."

"हो ना," गिर्झी तिचे केस सारखे करत म्हणाली. "तरी तू त्याला परत आणलंस."