माझ्या खडखडाटाचा सूड

मी बोलतोय, विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या गल्लीतल्या शेवटच्या गाळ्याचं शटर. बोलतोय कसला, खडखडतोय. गोड बोलणं मला जमत नाही, आणि त्या धाकट्याबद्दल तर मुळीच नाही.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ माझ्या गाळ्यात आले तेव्हा त्यांचं टेबलसुद्धा उसनं होतं. ते एक डबी बनवत होते. चालू मोटारीजवळ धरली की आवाज ऐकून बिघाड सांगणारी. गल्लीत बिघडलेल्या मोटारींना काय तोटा? कुणी ना कुणी मोटार घेऊन यायचं, डबी चुकली की शेजारचा मिस्त्री हसायचा आणि ताई तिथल्या तिथे दुरुस्ती करायची. ठोकाठोक, हॉर्न, माझा खडखडाट, एवढ्या गोंगाटातून मोटारीचा आवाज निवडायला ती डबी माझ्यापाशीच शिकली.

पण धाकट्याला पत्त्याची लाज वाटू लागली. पैसे लावणारे म्हणे असल्या गल्लीत येत नाहीत. त्यांनी काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर जागा घेतली. तिथे सगळ्या नव्या कंपन्या शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकींनाच माल दाखवतात. जाताना धाकट्याने मला लाथ घातली. "सुटलो एकदाचे या भंगारातून," म्हणाला. ताई काहीच बोलली नाही, ते मला लाथेपेक्षा जास्त लागलं. गरज सरो, वैद्य मरो! तेव्हाच ठरवलं, बघून घेईन.

मिस्त्री एकदा तिकडे जाऊन आला. सांगत होता, तिथे सुई पडली तरी ऐकू येते. तेवढ्या उंचावर जड मोटारी कोण नेणार? एका नव्याकोऱ्या मोटारीवरच सगळं चाललेलं. गोंगाट ओळखून सोडून द्यायची डबीची सवय धाकट्याने फालतू म्हणून काढून टाकली होती.

मग एक मोठा कारखानदार मिळाला. त्याची ऑर्डर आली नाही तर कंपनीला टाळं लागणार होतं. तो म्हणाला, मोटारी दुरुस्त होतात तिथेच दाखवा. झक मारत दोघं माझ्यासमोर आली.

मिस्त्रीने एक धडधाकट मोटार सुरू केली, ताईने डबी धरली. पाहुण्यांसाठी गाळ्यातून खुर्ची काढायला मिस्त्रीने मला वर ढकललं. मी पट्टी न् पट्टी वाजवली. डबी म्हणाली, बेअरिंग गेलं. धाकट्याने घाबरून मोटार बंद केली. मिस्त्रीने मला खाली ओढलं, मी पुन्हा वाजलो. डबी पुन्हा म्हणाली, बेअरिंग गेलं.

"बंद मोटारीचं?" कारखानदाराने विचारलं आणि खुर्चीत न बसताच निघून गेला.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

काचेची जागा सुटली, दोघं सामान घेऊन परत आली. धाकटा तेलाची बुधली घेऊन माझ्याकडे वळला तशी ताईने त्याचा हात धरला. "नको. वाजू दे त्याला. डबीला पुन्हा इथल्याच आवाजात शिकवायचंय."

ताईवरचा राग मी तिथेच सोडला. ती आली की सरसर वर जातो. धाकट्याने हात लावला की मात्र कमरेएवढ्यावर अडतो. कितीही जोर लावू दे, हलत नाही. ये म्हणावं आता वाकून.