साखळी मागे राहिली

लटारूच्या लेकीचे, गिरजेचे, लग्न झाले त्याच वर्षी मी त्याच्या अंगणात आलो. मांडव अजून उतरायचा होता. आंब्याची पाने सुकून मांडवात खुळखुळत होती आणि मला आत घ्यायला एक मेढ उपटावी लागली. ते १९५४ साल, माघ महिना.

मित्रांनो, नवाकोरा असा मला या गावाने कधी पाहिला नाही. मी जुना होऊनच इथे आलो. माझा जन्म विलायतेतला, असे म्हणतात. मला आठवते ते बंदरावरचे ऊन आणि अंगावरचा लढाईचा हिरवा रंग. ब्रह्मदेशाच्या वाटेवर मी पोती वाहिली, माणसे वाहिली. लढाई संपली तेव्हा आम्हाला ओळीने उभे करून लिलावात विकून टाकले. पुढे नागपूरच्या एका कारखान्यात माझे पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले. तेव्हापासून माझा आवाज बदलला. आधी मी गुणगुणत असे, नंतर खोकू लागलो.

तिथून मला चांद्याच्या सोमाजीने आणले. त्याचे घर कोटाच्या भिंतीजवळ होते. सोमाजी स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. आलापल्लीच्या जंगलातून सागवान भरायचे आणि बल्लारशाच्या रेल्वेपाशी उतरवायचे, हे आमचे काम. वाटेत कोणाची गाडी नाल्यात बसली की सोमाजी माझ्या मागच्या हुकाला साखळी लावून ती ओढून काढी. ही साखळी मनगटाएवढ्या जाड कड्यांची होती. ती मी लढाईतूनच सोबत आणली होती. मैल मोजणारा माझा काटा एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून चालू झाला, इतके आम्ही दोघे हिंडलो.

मग सोमाजीची नजर कमी होत गेली. एकदा रस्त्याकडेचा पळस त्याला समोरून येणारी बैलगाडी वाटला. ती जाईल म्हणून तो बराच वेळ थांबला. समजल्यावर हसला आणि घरापर्यंत मला सावकाश चालवत आणले. त्यानंतर त्याने मला विकायचे ठरवले.

लटारूचे गाव वैनगंगेच्या काठी. तेव्हा नदीवर पूल नव्हता. दिवाळीनंतर पाणी उतरले की पात्रात नुसती वाळू उघडी पडायची. आलापल्लीहून लाकूड भरून येणाऱ्या मोटारगाड्या त्या वाळूत चाकाच्या आसापर्यंत रुतायच्या. त्या ओढून काढायचे काम लटारू करी. त्याच्याजवळ हेल्यांची जोडी होती. हेला म्हणजे रेडा. पण लाकडाच्या ठेकेदाराच्या गाड्या दरवर्षी जड होत गेल्या आणि हेल्यांच्या मानेवरचा घट्टा फुटू लागला. लटारूने ती जोडी धानाच्या चिखलणीसाठी एका शेतकऱ्याला दिली आणि जोडीच्या जागी ओढायला ट्रक घ्यायचा असे मनाशी घेतले.

तो मला पाहायला आला तो जनावर पाहायला यावे तसा. आधी लांबून एक फेरी मारली. मग टायरवर थापा मारल्या, जसे खूर पाहतात. झाकण उघडून आत वास घेतला. मला रिकामे पळवलेले त्याला पटेना. लाकडाचा एक ओंडका बांधून ओढून दाखवायला सांगितले. मी ओढला. शेवटी त्याने बाजाराच्या रीतीप्रमाणे विचारले, खोडी काय ते सांगा. जनावर विकणाऱ्याने पाठीवर हात ठेवून त्याच्या खोडी सांगायच्या असतात. सोमाजीने माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

“काटा पाहू नको, तो खोटा बोलते. लय चालला हा. थंडीत लवकर उठत नाई. दुसरा गिअर निसटते. उतारावर ब्रेकच्या भरोशावर राहू नको. तेल पिते,” तो म्हणाला, आणि जरा थांबून पुढे म्हणाला, “पन जुपल्यावर बसत नाई.”

मग दोघांनी दुपट्ट्याखाली हात घातले आणि बोटे दाबून भाव ठरवला. त्यामुळे माझी किंमत मला आजही माहीत नाही.

सोमाजीने लटारूला काही दिवस ठेवून घेतले आणि चालवायला शिकवले. सोमाजीला दिसत नव्हते म्हणून तो कानाने शिकवी. इंजिनाचा आवाज जरा बदलला की लटारूच्या गुडघ्यावर चापट बसे. ओढताना झटका द्यायचा नाही, हे त्याने पुन्हा पुन्हा सांगितले. आधी रस्सी ताणू द्यायची, मग जोर लावायचा.

निघायच्या दिवशी सोमाजीने माझ्या हुकाची साखळी सोडली, फडक्याने पुसली आणि आत नेऊन खुंटीवर टांगली. लटारू पाहत होता. आमच्याकडे जनावर विकले तरी त्याचे दावे देत नाहीत. दाव्यामागे घराची बरकत जाते असे मानतात. लटारूने स्वतः हेले दिले तेव्हा दोन्ही दावी अशीच काढून घेतली होती. त्यामुळे त्याला यात काही वावगे वाटले नाही. उलट, सोमाजी चांगल्या रीतीचा माणूस आहे असे तो वाटेत मला म्हणाला.

अंगणात आल्यावर त्याच्या बायकोने, वच्छलाने, मला हळदकुंकू लावले. मागे जाऊन हुक पाहिला आणि विचारले, ओढायची साखळी कुठे आहे? लटारूने सांगितले.

वच्छला आधी हसली. मग कपाळाला हात लावून मांडवाच्या खांबाशी बसली.

“बैलाचं दावं नाई देल्लं तं चालते. बैल खांद्यानं ओढते,” ती म्हणाली. “हा तं दाव्यानंच ओढते न बापा!”

लटारू माझ्याकडे पाहत उभा राहिला. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले.

त्याने बाजारातून अंबाडीचा जाड दोर आणला. दुसऱ्या दिवशी घाटावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, ठेकेदाराची एक गाडी फसली. तिचा ड्रायव्हर दसरू नावाचा, तोंडाचा फार तिखट. लटारूने दोर बांधला, मी जोर लावला आणि दोर तटकन तुटून वाळूत पडला. घाटावरची माणसे हसली. दसरू आपल्या छतावर बसून बिडी ओढत म्हणाला, “लटारूभाऊ, हेले देऊन खोकला आनला का घरी?”

पण ठेकेदाराचा मुनीम हसला नाही. पलीकडच्या काठचा मनसाराम आपल्या हेल्यांच्या दोन जोड्या घेऊन तयार बसला होता, ती गाडी त्यानेच काढली. मुनीम म्हणाला की बाजाराच्या दिवसापर्यंत वाट पाहतो. तोवर ट्रकने एखादी गाडी काढली नाही, तर घाटाचे काम मनसारामला देऊन टाकू. घाट गेला असता तर लटारूकडे दुसरे काही उरले नसते. शेत नव्हते, हेले गेले होते आणि अंगणात मी उभा होतो. मित्रांनो, लढाईत माझ्याजवळ गोळे पडले, पण तेव्हासुद्धा मला इतके अवघड वाटले नव्हते.

चांद्याला जाऊन साखळी मागा, असे वच्छलाने सांगून पाहिले. लटारू ऐकेना.

“दावं मांगत नसते. मी हेल्याचं देल्लं का? मंग तो काऊन देईन?”

 वच्छला घरात गेली आणि खुंटीवरची दोन्ही दावी घेऊन बाहेर आली. लटारूने ती पळसाच्या मुळांच्या वाकाची, म्हणजे तंतूंची, स्वतःच्या हाताने वळलेली होती. हेल्यांच्या घामाने आणि तेलाने ती काळी, मऊ झाली होती.

“हे कोनासाठी ठेवले जी?” तिने विचारले.

“येनाऱ्या जनावरासाठी.”

“मंग आला नं तो. आंगनात उभा हाय.”

 लटारूने दावी हातात घेतली आणि त्यांचा पीळ उसवू लागला.

वच्छलाचे माहेर ढिवराचे, नावा चालवून मासे धरणाऱ्यांचे. नावा बांधायचे दोर वळताना तिने लहानपणापासून पाहिले होते. जंगलातून माहूलच्या वेलीची साल आणली, ठेचली, भिजवली. दाव्यांचा जुना वाक ती चिमूटचिमूट करून प्रत्येक पदरात मिसळत गेली. मांडवाच्या मेढीला एक टोक बांधून ती वळत होती आणि लटारू दुसरे टोक धरून मागे मागे सरकत होता. गिरजेच्या लग्नाला आलेले पाहुणे अजून गेले नव्हते, त्यांनीही हात लावला. रस्सी तयार झाली ती लटारूच्या दंडाएवढी. तिला आधी पाण्यात भिजवा, कोरडी लावू नका, असे वच्छलाने बजावले.

बाजाराच्या दिवशी घाटावर जत्रा जमली होती. मनसाराम हेल्यांसह आला होता. वाळूत पुन्हा दसरूचीच गाडी बसली होती, वर सागाचे मोठे ओंडके. लटारूने रस्सी भिजवून माझ्या हुकाला लावली. हेल्यांना जुपताना तो ज्या आवाजात बोलायचा, त्याच आवाजात माझ्याशी काहीतरी पुटपुटला आणि मला हळूच पुढे घेतले. रस्सी ताणली. तिच्यातून पाणी टपटप गळू लागले. मी खोकलो, माझी मागची चाके वाळूत उतरली. दुसरा गिअर निसटेल म्हणून लटारूने तो एका हाताने दाबून धरला. रस्सी कुरकुरली, पण तिने धरून ठेवले. मग मागचे ओझे जरासे हलले, अन् पुन्हा हलले. दसरूची गाडी काठावर आली. मनसाराम खाली वाकून रस्सी चाचपत होता. त्याने विचारले, कोणी वळली? लटारूने वच्छलाचे नाव सांगितले.

घाट लटारूकडेच राहिला. मनसाराम रागावला नाही, पुढच्या वर्षी त्याने आपल्या नावेसाठी वच्छलाकडून दोर वळून घेतला.

त्यानंतरचे हंगाम माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. मैल काही फार झाले नाहीत, या काठावरून त्या काठावर एवढेच माझे जग होते. पण लोक मला ‘लटारूचा हेला’ म्हणू लागले. पोळ्याला गावातले बैल सजत, तेव्हा वच्छला माझ्या हुकाला तेलहळद लावी, दिव्यांवर बेगड चिकटवी आणि रस्सीत नव्या वाकाचा एक पदर घाली. थंडीच्या सकाळी मी उठत नसे तेव्हा लटारू माझ्यापाशी शेकोटी करून बसे. मला त्याने कधी शिवी दिली नाही.

दरवर्षी एकदा तो सोमाजीला भेटायला चांद्याला जाई. सोबत तांदूळ आणि सुकवलेले मासे नेई. परत आल्यावर सांगे की म्हाताऱ्याला आता अजिबात दिसत नाही, पण साखळीला तेल लावतो. पुढची गाडी येईल तेव्हा लागेल म्हणतो.

१९५८ च्या दिवाळीनंतर दसरू आपली गाडी घेऊन दारात आला. शेजारी सोमाजी बसला होता, मांडीवर एक पोते. त्याला हात धरून माझ्याजवळ आणले. त्याने बॉनेट चाचपले, मग माझा आवाज ऐकू द्या म्हणाला. लटारूने इंजिन चालू केले. सोमाजी मान तिरपी करून ऐकत राहिला. मग त्याने पोते उघडले. आत साखळी होती.

लटारू मागे सरला. ती तुमच्या घरची बरकत आहे, मी घेणार नाही, असे म्हणाला.

“माह्या घरी आता गाडी येत नाई रे लटारू,” सोमाजी म्हणाला. “चार वर्षं तिले तेल लावून राह्यलो. कोनासाठी लावून राह्यलो, ते मलेच समजत नाई.”

 वच्छला घरातून विळा घेऊन आली. तिने माझ्या रस्सीचे हातभर टोक कापले, त्याची गाठ बांधली आणि सोमाजीच्या हातात दिली.

“भाऊ, खुंटी रिकामी ठेवू नका,” ती म्हणाली.

सोमाजीने ते टोक बोटांनी उलगडून पाहिले, नाकाशी नेले. हेल्यांचा वास येतो म्हणाला. मग त्याने ते घडी करून खिशात घातले.

त्या हंगामात मी साखळीने गाड्या ओढल्या. तो माझा शेवटचा हंगाम ठरला. इंजिनाला तडा गेला आणि नागपूरच्या मिस्त्रीनेही हात टेकले. भंगारवाला दोनदा येऊन गेला, लटारूने त्याला पाणी पाजून परत पाठवले. आता मी घरामागच्या मोहाखाली उभा आहे. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालते. मोहाची फुले टपावर पडतात तेव्हा तेवढा आवाज होतो. साखळी आणि रस्सी घरात एकाच खुंटीवर आहेत. लटारू दुसरा जुना ट्रक पाहतो आहे. तो येईल तेव्हा दोन्ही त्याला लागतील. लढाईतले लोखंड, दोन हेल्यांचा घाम आणि वच्छलाचे हात त्याच्यापर्यंत पोचतील. मला त्याचा हेवा वाटत नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी जुनी वस्तू घ्याल तर तिच्या खोडी जरूर विचारा. पण तिने कोणासाठी काय काय ओढले तेही विचारा. आणि ती थकली की तिला उन्हात टाकू नका. झाडाची सावली तेवढी द्या.

सोमाजी १९५९ साली होळीनंतरच्या आठवड्यात चांद्याला वारला. लटारू आणि वच्छला गेले होते. रस्सीचे टोक त्याच्या घरच्या खुंटीवर होते आणि त्याला तेल लावलेले होते.