गिरणीवाल्याचं थांबणं

केपटाऊनच्या हौशी डच नाटकमंडळीचा ‘पिठातला नवरदेव’ हा विनोदी नाच बारा वर्षं चालत आला होता आणि दर वर्षी थोडा लांबत गेला होता. एखादी चूक झाली की प्रेक्षकांना ती आवडे, आणि आवडलेली चूक पुढच्या वर्षी झाली नाही की ते पाय आपटत. दुसऱ्या वर्षी आग्नेयेचा वारा दारातून घुसला आणि नाचातल्या गिरणीवाल्याचं पीठ थेट गव्हर्नरसाहेबांच्या नाकात गेलं. तेव्हापासून लोहाराचा भाता आणून पीठ उडवू लागले. चौथ्या वर्षी कुणाचं तरी बदक रंगमंचावर चढलं. पाचव्या वर्षापासून बदकाला तालमीला बोलवू लागले.

बाराही वर्षं गिरणीवाला झाला तो अलेट्टाचा बाप, बारेंट. मंडळीत बायकांना नाचायची परवानगी नव्हती, त्यामुळे नवरीसुद्धा दाढीवाला न्हावीच असे. पण बारेंटची तालीम घरच्या स्वयंपाकघरात व्हायची आणि टेबलावर ठेका धरायची अलेट्टा. बाप गेल्यावर पावलं ठाऊक असलेली ती एकटीच उरली.

म्हणून एका दुपारी रूलोफ बेकरीवाला दारात उभा राहिला, एका काखेत लाकडी बूट आणि दुसऱ्या काखेत टोस्टची पिशवी घेऊन. मागे ऑक्टोबर नावाचा गुलाम वादक होता. त्याच्या मालकाने त्याला व्हायोलिनसकट मंडळीला वापरायला दिलेलं होतं.

“अलेट्टाबाई, सगळं शिकवा,” रूलोफ म्हणाला. “आणि गेल्या वर्षीचं ते थांबणंही.”

“ते नाचात नाही, रूलोफकाका.”

“नाचात बदक तरी कुठे होतं?”

गेल्या वर्षी तिसऱ्या फेरीत बारेंट अचानक थांबला होता. डावा हात पिठाच्या पोत्यावर ठेवून, काहीतरी विसरल्यासारखा लोकांकडे बघत राहिला. सगळं थिएटर हसून लोळलं. मग तो उरलेला नाच नाचला. घरी येताना दोनदा भिंतीला टेकला आणि म्हणाला, “आजच्याएवढं कधी हसले नव्हते, ऐकलंस ना?” अकरा दिवसांनी तो गेला. ते थांबणं म्हणजे छातीतली कळ होती, हे अलेट्टाने गावात कुणालाच सांगितलं नव्हतं.

“शिकवणार नाही,” ती म्हणाली.

“लोक माझी सालं काढतील.”

“काढू देत. तुमच्याकडे भरपूर आहेत.”

रूलोफ पोटाकडे बघत बूट चढवायला अंगणात गेला. ऑक्टोबरने व्हायोलिन खाली ठेवलं. “बाई, त्या वेळी सूर ओढून धरला तो गमतीसाठी नाही. मला वाटलं, सूर तुटला तर तुमचे बाबा पडतील.”

“ठाऊक आहे मला,” अलेट्टा म्हणाली. एवढं तरी कुणाला तरी ठाऊक आहे, म्हणून तिला बरं वाटलं.

खेळाच्या दिवशी पीठ उडालं, बदक आलं, नवरीची दाढी पांढरी झाली. तिसऱ्या फेरीत रूलोफ न थांबता पुढे गेला आणि पाय आपटणं सुरू झालं. “थांब की रे, पावाच्या लादी!” मागून कुणीतरी ओरडलं. रूलोफ घाबरून थांबला. कमरेवर हात ठेवले, जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले. कुणी हसलं नाही. ऑक्टोबरने सूर धरला आणि मान वर केली. त्याच्यापाठोपाठ रूलोफनेही वर पाहिलं, सज्ज्यात काळ्या कपड्यांत बसलेल्या अलेट्टाकडे.

ती हलली नाही. हे इतकं वाईट चाललं होतं, की बाबांनी पाहिलं असतं तर त्यांना लाजच वाटली असती. सूर चिरकू लागला. तेव्हा तिने डावा हात उचलला आणि कठड्यावर ठेवला, हलकेच, म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

रूलोफने जीभ आत घेतली. हात पोत्यावर ठेवला. काहीतरी विसरल्यासारखा लोकांकडे बघत राहिला.

हशा मागच्या बाकांवरून उठला आणि पुढे आला. अलेट्टाही हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि चारचौघांत.

सकाळी रूलोफ गरम पाव घेऊन आला. “जमलं का, बाई?”

“पाय लवकर उचललात,” अलेट्टा म्हणाली. “बाबा अजून थोडे थांबले होते. या आत, दाखवते.”