नायकाच्या दारातली गाडी

ती पांढरी गाडी रामलाल राठोडांच्या दारासमोरच्या लिंबाखाली पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा त्यांच्या पुतणीला, ममताला, बंजारा तांड्यावर येऊन आठवडाही झाला नव्हता. ममता वणीकडच्या एका कोळसा डेपोत वजनकाट्यावर कामाला होती. मालकाच्या माणसांनी चौकीदाराला मारताना तिने पाहिले होते. चौकीदार मेला, आणि येत्या सोमवारी न्यायालयात तिची साक्ष होती. तोवर तिला जिवंत ठेवणे, एवढे एकच काम रामलालांनी अंगावर घेतले होते. म्हणून तिला स्वतःच्या घरी न ठेवता त्यांनी नाल्यापलीकडे, थोरली बहीण मानीबाई हिच्या वावरातल्या गुरांच्या कोठ्यावर ठेवले. परक्याजवळ तिचे नाव निघता कामा नये, असे त्यांनी घरोघर जाऊन बजावले. असल्या बाबतीत तांडा तोंड शिवून बसतो, हा त्यांचा विश्वास अनुभवावर आधारलेला होता.

रामलाल महागावच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आणि वडिलांमागे तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. गाडी दुसऱ्या दिवशीही आली, तेव्हा ते फाटक उघडून बाहेर गेले.

“ही गाडी येथे कशासाठी?”

चालकाने काच खाली केली. शेजारी एक माणूस डोळे मिटून बसला होता.

“सावलीले उभी केली, गुरुजी. टॉवरचं काम हाय. साहेब येईस्तोवर थांबा लागते.”

“टॉवर उभारायचा तर गावठाणात. या वस्तीशी त्याचा संबंध काय?”

“रस्ता तं सरकारचाच हाय ना?”

“रस्ता सरकारचा आहे, हे मान्य. परंतु रस्ता जाण्यासाठी असतो, मुक्कामासाठी नव्हे. शिवाय माझे फाटक अडते.”

“बरोबर हाय तुमचं,” चालक म्हणाला, आणि त्याने गाडी हातभर पुढे घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा मूळ जागी होती. रामलालांनी पुन्हा मुद्दे मांडले. पुन्हा त्यांना होकार मिळाला, आणि गाडी पुन्हा हातभर सरकली. वादासाठी कंबर कसून आलेल्या माणसाला होकाराइतके निःशस्त्र करणारे दुसरे काही नसते. ते ठाण्यावर गेले. ममताचे नाव त्यांनी काढले नाही, कारण तेथून ते कोठवर जाईल याची खात्री नव्हती. हवालदाराने ऐकून घेतले आणि विचारले, “मारलं का कोणाले? शिवी देल्ली? मंग झाडाखाली गाडी लावणं हा काय गुन्हा हाय, गुरुजी?” हा प्रश्न त्यांना रात्रभर सलत राहिला.

घरात कोकिळाबाई निराळ्याच पेचात होत्या. दुपारचे ऊन चढले तशी त्यांनी त्या दोघांसाठी पाण्याचा तांब्या उचलला.

“कोणाला पाणी नेतेस?” रामलाल म्हणाले. “ते आपले पाहुणे नाहीत.”

“जावई थोडीच करून राह्यली मी त्याइले! पाणीच तं देऊन राह्यली. दारातला माणूस तहानला ठेवला तं नायकाच्या घराले लोक काय म्हणतीन?”

“माणूस कोण आहे, हे आधी ठरले पाहिजे.”

“तुमचं ठरेस्तोवर थो मरून जाईन बाप्पा!”

पाणी गेले. मग ते रोजच जाऊ लागले.

रामलाल खिडकीतून पाहत असत. एक गोष्ट त्यांना खटके: ती माणसे या घराकडे कधीच पाहत नसत. त्यांची तोंडे तांड्याकडे असत. कधी एक उतरून हातपंपावर जाई, कधी दुसरा फुलचंदच्या दुकानापाशी टेकून हसे. लोक त्यांना रामराम घालत. रामलालांचे लक्ष मात्र फाटक आणि पुढचे चाक यांमधल्या अंतरावर खिळलेले होते.

शनिवारी लिंबाखाली कोणीच नव्हते.

“गेली एकदाची,” कोकिळाबाई म्हणाल्या. रामलालांना प्रथम समाधान वाटले. मग ते समाधान कशाच्या आधारावर आहे, हे त्यांना उमगेना. ते फुलचंदच्या दुकानावर गेले.

“पाव्हणे गेले वाट्टे, नायक?” फुलचंदने विचारले.

“कोणते पाहुणे?”

“तुमचे गाडीवाले. भले मानसं! ममताची लय फिकर त्याइले. पोरगी जेवते का, झोपते का. म्या म्हटलं, मानीबाईच्या कोठ्यावर मजेत हाय.”

“तू सांगितलेस?”

“म्या एकट्यानं काहून? वावराची वाट तं पंपावरच्या बायाइनं दाखवली.” फुलचंदचे हसू विरले. “नायकाच्या दारात ज्यानं बैल सोडले, त्याले आपल्यात कोणी इचारते का, कोण म्हणून? तुमच्या घरचं पाणी पीत होते ना थे?”

हा दंडक लदेणीच्या काळापासूनचा. मिठाची पोती बैलांवर लादून गोरमाटी, म्हणजे बंजारा लोक, मुलूख फिरत, तेव्हापासून नायकाच्या दारात थांबलेला माणूस नायकाचाच ठरे. रामलालांनी तो शाळेत मुलांना कौतुकाने समजावून सांगितला होता. बैलांच्या जागी गाडी आली तरी तो तसाच लागू राहतो, हे मात्र त्यांच्या तर्कात कधी शिरले नव्हते.

त्यांनी स्कूटर नाल्यापलीकडे दामटली. कोठ्यासमोर मानीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

“कायले धाडली रे गाडी, रामलाल? म्या म्हटलं, भिऊ नको, काकाच्या घरचे मानसं हायेत. तं काकानं मले इकलं म्हणे, अन् पळाली तुरीत!”

पुरुषभर उंचीची तूर नाल्यापर्यंत पसरली होती. धुऱ्याच्या बांधावर ती पांढरी गाडी उभी होती, इंजिन चालू. चालक बॉनेटला टेकला होता. त्याचा सोबती तुरीच्या कडेकडेने सावकाश फिरत होता.

“आवाज द्या, गुरुजी,” चालक म्हणाला. “तुमचं ऐकीन थे. आमाले फक्त बोलाचं हाय.”

रामलालांनी प्रथमच प्रतिवाद केला नाही. हाक मारावी तर कदाचित ती बाहेर येईल, आणि यांच्या हाती लागेल. गप्प राहावे तर काकाने विकले, हेच तिच्या मनात कायम राहील. मग त्यांना गोरबोली आठवली. व्यापाऱ्यांसमोर, शिपायांसमोर, परक्या गावांच्या वेशींवर तांड्याने आपले मनातले जिच्यात बोलून घेतले, ती घरची बोली. त्यांनी छाती भरून घेतली आणि त्या बोलीत ओरडून सांगितले, की मी यांना आणलेले नाही, बाहेर येऊ नकोस, नाल्यानाल्याने खाली पुलापर्यंत जा, मी तेथे येतो.

क्षणभर काही हलले नाही. मग दूरवर तुरीचे शेंडे थरथरले, आणि ती थरथर एका रेषेत नाल्याकडे सरकू लागली. तिने ऐकले होते. तिने विश्वास ठेवला होता.

“बरं झालं सांगितलं, नायक,” चालक म्हणाला. तो गोरबोलीत बोलला होता, आणि त्याचा उच्चार या तांड्यातल्या कोणाही म्हाताऱ्याइतका स्वच्छ होता.

त्याने सोबत्याला शीळ घातली. दारे लागली, आणि गाडी वळून पुलाच्या वाटेला लागली.

रामलाल तुरीत शिरले. फांद्या तोंडावर बसत होत्या, शेंगा खुळखुळत होत्या. तिला थांबवायला हाक मारायची होती, पण गाडी अजून हाकेच्या टप्प्यात होती. ती कोणत्या भाषेत मारावी, हे मात्र त्यांना कळेना.