सुरुचीताईंच्या खोलीतला लोड

मी एक जुना लोड आहे. बैठकीत टेकायला ठेवतात तसला नव्हे, मित्रांनो. माझ्यावर मुलं पालथी झोपतात, घोड्यावर बसावं तशी मांड टाकून बसतात. शनिवार पेठेतल्या दिगंबर गादीवाल्यांनी माझ्यात कापूस ठासून भरला, वर निळं रेक्झिन शिवलं आणि मी बिबवेवाडीत सुरुचीताईंच्या खोलीत आलो. ज्यांनी वेळेवर मान धरली नाही, ज्यांचे हातपाय ताठ राहतात, अशा मुलांना डॉक्टर त्यांच्याकडे पाठवतात. ताई त्यांच्या अंगावर नुसता तळहात ठेवतात, हलकेच हलवतात, थांबतात. मुलं माझ्यावर लाळ गाळतात, कधी झोपूनही जातात. येणारे आईबाप माझंसुद्धा कौतुक करत.

मग राजस आला. चार वर्षांचा, टाचा न टेकवता चवड्यांवर चालणारा. त्याचे बाबा सुदर्शन हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर होते. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. बूट घालूनच आत आला आणि मला पायाने बाजूला सारलं.

"नुसता हात ठेवून बसता. याला ट्रीटमेंट म्हणायचं?"

"आपण बाहेर बसलात तरी चालेल," ताई म्हणाल्या.

"जूनमध्ये त्याची शाळा आहे. तोवर टाच टेकली पाहिजे."

"टाचेला जून कळत नाही, साहेब."

राजसची आई कादंबरी मान खाली घालून ऐकत होती.

एके दिवशी ताई कादंबरीशी बोलायला बाहेर गेल्या. सुदर्शनने राजसला माझ्यावर दाबून धरलं आणि त्याचं पाऊल जोरात वर रेटलं. राजस किंचाळला. त्याची नखं माझ्या रेक्झिनमध्ये रुतली.

ताई धावत आल्या. "सोडा त्याला!"

"माझा मुलगा आहे."

"म्हणूनच सोडा. आणि या खोलीत पुन्हा यायचं नाही."

"असल्या खोल्या गल्लोगल्ली आहेत!" असं म्हणून तो मुलाला उचलून निघून गेला.

दिवाळी उलटल्यावर कादंबरी एकटीच राजसला घेऊन आली. मधल्या काळात टाच टेकवून घ्यायला बाबांनी त्याला कुठेकुठे नेलं होतं. आता कुणी अंगाला हात लावला की तो चावायचा. आईला बूटही घालू देत नव्हता.

"घरात भांडून आलेय," ती म्हणाली. "रोज भांडावं लागलं तरी येईन."

पुष्कळ दिवस ताईंनी त्याला हातच लावला नाही. "हात ठेवू?" त्या विचारत. दारापाशी बसलेला राजस "नको" म्हणाला, की ताई हात मागे घेत. मला तर त्या बापाचा असा राग येई!

एका सकाळी राजस आपणहून माझ्यावर येऊन बसला. पाय पुढे करून म्हणाला, "ठेव." ताईंनी पोटरीवर तळहात ठेवला. तो थरथरला, पण पाय ओढून घेतला नाही.

त्याच आठवड्यात सुदर्शन त्याला न्यायला आला. दारातूनच म्हणाला, "चल, उशीर होतोय," आणि दंड धरायला हात पुढे केला.

"आधी विचार," राजस म्हणाला.

सुदर्शनचा चेहरा लाल झाला. "हे शिकवलंत तुम्ही?"

"हो," ताई म्हणाल्या.

हात तसाच अधांतरी राहिला. मग दातओठ खात त्याने विचारलं, "हात धरू?"

"नको. मी येतो." आणि राजस बापाच्या पुढे, चवड्यांवरच, चालत गेला.

मित्रांनो, तुमचं अंग तुमचं आहे. कुणी ते ओढलं, रेटलं, तर गप्प बसू नका. आणि धाकट्या भावंडाचा गाल ओढायला हात शिवशिवले, तर आधी विचारा. 'नको' म्हटलं, तर हात खिशात घाला.