निंगव्वाचं पाणी

मोहोळपासून सोलापूरच्या अंगाला कोसभर माळ तुडवला की एक पडकी विहीर लागायची. पाणी असं मचूळ की गुरंही तोंड फिरवायची. बिरप्पा धनगर मात्र तेच प्यायचा, कारण गावातलं पाणी त्याला कुणी भरू देत नव्हतं. आठ वर्षांमागं चराईच्या भांडणात त्याच्या हातून कुऱ्हाड चालली आणि कल्लप्पा जागच्या जागी गेला. सरकारनं सात वर्षं येरवड्यात ठेवून सोडून दिलं. पंचांनी काही सोडलं नाही. विस्तव-पाणी बंद! बायकोनंही तोवर दुसरं घर केलेलं. मग राहिलं काय, तर पंधरा मेंढरं.

तेहतीस सालच्या चैतातली गोष्ट. भर दुपारी मेंढरं पाण्यावर आणली आणि विहिरीत धपकन आवाज झाला. वाकून बघतो तर लुगडं फुगून वर आलेलं. विचार करायला वेळ कुणाला? घेतली उडी, धरलं केसाला आणि बाईला ओढून पायऱ्यांवर आणून टाकलं. बाई खोकली, ओकली, डोळे उघडले, आणि पहिलं काय बोलावी?

"कशाला काडलास मला? मुडदा बशिवला तुजा!"

बिरप्पानं तिला ओळखलं. मोहोळच्या पेठेतल्या भीमाशंकर वाण्याची बायको ती, निंगव्वा. माहेर अक्कलकोटकडचं. मीठ घ्यायला दुकानाबाहेर उभा राहिला की आत दिसायची. आता तोंड सुकून एवढंसं झालं होतं, ओठ फाटले होते. त्यानं चरवी पुढं केली.

"आक्का, घोटभर घ्या."

"बेडा. नको." तिनं मान फिरवली. "गळ्यात लिंग न्हाई. तीन दिस झाले, पाणी घेतलं न्हाई."

तिच्या गळ्यात लिंग अडकवायचा शिवदारा नव्हता, नुसता त्याचा वळ होता. त्या मुलखात हे कुणाला सांगावं लागत नाही. लिंगायताच्या गळ्यातलं इष्टलिंग गेलं की पूजा नाही, आणि पूजेवाचून पाणी नाही. दुसरं बांधून देणारे जंगम-गुरूही असतात म्हणा. पण घरात जुन्या वळणाची सासू असली की कुठला जंगम नि कुठलं काय! लिंग हरवणारी बाई मेल्यात जमा, म्हणून तिनं सुनेला उंबऱ्याबाहेर काढलं होतं.

"तीन दिसांमागं तुमी हितं हातपाय धूत हुता. मंग विहिरीतच पडलं आसंल की! बसा हितंच."

निंगव्वानं पदर तोंडावर ओढला. बिरप्पा पाण्यात शिरला. दोन पुरुष पाणी, खाली गुडघाभर गाळ. मूठमूठ चिखल वर आणायचा, पायरीवर चिवडायचा, की पुन्हा खाली. एकदा खापरी आली, एकदा नाल. ऊन कलायला लागलं. पोहरा, दोर, मेंढरं, सगळं विसरला गडी. उजव्या कानातून रक्ताची धार लागली तरी थांबेना.

"पुरं कर," ती म्हणाली.

"न्हाय. आक्का, ह्या हातानं येक जीव घेतलाय मी. रोज रातच्याला त्येचं तोंड दिसतंय. तुमी पानी पेला तर येक तरी जगला म्हनीन. मला घावू द्या." आणि गेला पुन्हा खाली.

ह्या खेपेला तो वर येईना. बुडबुडे आले नि थांबले. निंगव्वा पायरीवर उठून उभी राहिली आणि छाती पिटत ओरडली, "अरे, न्हाई तितं! न्हाई! वर ये!"

वर आला तो पांढराफटक. तिनं त्याला दंडाला धरून पायरीवर ओढलं. खूप वेळ तो नुसता धापा टाकत पडून राहिला.

"न्हाई म्हंजी?"

"पोराजवळ हाय." तिला रडूही येत नव्हतं, अंगात पाणीच नव्हतं. "आठ दिवसांचं होतं. जंगम यायचा होता लिंग बांधायला, त्येच्या आदीच गेलं. तसंच मातीत कसं देऊ? कुनी बघत न्हाई असं बघून माजं सोडलं नि त्येच्या मुठीत दिलं. घरच्यास्नी हरवलं म्हनून सांगितलं. खरं सांगितलं तर उकरतील रे पोराला!"

ह्या एवढ्याशा बाईनं तीन दिवस तोंड मिटून मरण धरलं होतं, आणि पेठेतल्या एकालाही तिला धड विचारावंसं वाटलं नव्हतं. बिरप्पाला सगळ्या मोहोळचा राग आला.

"मंग हरवलं कुटं, आक्का?" तो म्हणाला. "तुमचंच हाय की त्ये. ल्येकरापाशी ठिवलंय. हातात न्हाय म्हनून दुसऱ्याचं हुतंय व्हय?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग पायरीवर मांडी घालून बसली. ओल्या पदरानं कपाळ पुसलं. डावा तळवा छातीसमोर धरला, रोज पूजेला लिंग ठेवून धरायची तसा, आणि त्या रिकाम्या तळव्याकडं टक लावून बघायला लागली. ओठ हलत होते. बिरप्पानं मेंढरांना हाकलून लांब उभं केलं नि स्वतःही पाठ फिरवून बसला.

"अण्णा," तिनं हाक मारली.

तो वळला. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली होती.

"माज्या हातचं कुनी पेत न्हाय, आक्का. चरवी ठिवतो, तुमच्या तुमी घ्या."

"वत."

त्यानं चरवी वाकवली. अर्धं पाणी खालीच सांडलं. ती घटाघटा प्याली, ठसकली, पुन्हा ओंजळ पुढं केली.

"आनी वत," ती म्हणाली.