हिरवी पट्टी

लक्ष म्हणजे नेमकं काय, असं धाकटीला चार वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर तिने कपाळाला आठ्या घालून थोडा विचार तरी केला असता. आता ती झटकन सांगायची. विद्यार्थ्याचे डोळे पडद्यावर, मान सरळ, चेहरा कॅमेऱ्याकडे, म्हणजे लक्ष आहे. बाकी सगळं म्हणजे लक्ष नाही. माणूस शिकत शिकत पीएचडीपर्यंत पोचला की असा सुटसुटीत होतो.

तिशी उलटली तरी घरात तिला धाकटीच म्हणत. ऑनलाइन वर्गात बसलेल्या मुलांचं लक्ष आहे की नाही, हे कॅमेऱ्यातून ओळखणारं संगणकाचं मॉडेल हा तिच्या प्रबंधाचा विषय. पण मॉडेल पोटातून शिकून येत नाही, त्याला आधी माणसांनी शिकवावं लागतं. म्हणून तिने कॉलेजातली चार मुलं कामाला लावली. त्यांनी वर्गांच्या छोट्या छोट्या क्लिप बघायच्या आणि प्रत्येकीवर ‘लक्ष आहे’ किंवा ‘लक्ष नाही’ असं लेबल लावायचं. काम सोपं वाटलं होतं, पण पहिल्याच आठवड्यात चौघांची जुंपली. एका क्लिपमध्ये एक मुलगा पेनचं टोपण चावत भिंतीकडे बघत होता. एक जण म्हणाला, हा बसल्या बसल्या झोपलाय. दुसरी म्हणाली, छे, हा मनातल्या मनात गणित करतोय, माझा भाऊ अगदी असाच बसतो. तिसऱ्याने विचारलं, क्लिपला आवाज आहे का? आवाज नव्हता. चौथ्याने दोन्ही बाजूंना मान डोलावली आणि चहा आणायला गेला.

लेबल लावणाऱ्यांची मतं जुळत नाहीत तोवर आकडे छापण्याजोगे होत नाहीत, असं तिच्या सरांनी तिला बजावलं होतं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. तेव्हा धाकटीने तोडगा काढला. एक नियम लिहून चौघांच्या हातात दिला: डोळे पडद्यावरून हटले की लक्ष नाही. का हटले, ते विचारायचं नाही. त्यानंतर चौघांचं असं काही जुळलं की विचारू नका. सरांनी पाठ थोपटली. मॉडेल त्या लेबलांवर शिकलं आणि फार आज्ञाधारक निघालं, सांगितलं तेवढंच शिकलं. टोपण चावणाऱ्या मुलाचं पुन्हा कुणी नावही काढलं नाही.

प्रयोगासाठी शाळा मिळाली ती ताईच्या मुलीची. गणिताला शिक्षक मिळेनात म्हणून तीन शाळांनी मिळून एकच बाई धरल्या होत्या. दुपारी मुलं घरून लॅपटॉप लावून बसत आणि बाई पडद्यावरून शिकवत. धाकटीच्या मॉडेलने त्या पडद्याच्या कडेला प्रत्येक मुलापुरती एक उभी पट्टी आणून बसवली. लक्ष असलं की हिरवी, उडालं की लाल. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांच्या पट्ट्यांची यादी मुख्याध्यापिकांकडे जाई.

ताईच्या मुलीला भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिला बारशाच्या नावापेक्षा जास्त शोभत होतं. तिचा पाय जागेवर ठरत नसे. गणित सोडवताना ती खुर्चीवर गुडघे मोडून बसायची, छताकडे बघायची, वहीत तोंड खुपसायची, मधेच उठून एक गिरकी घ्यायची आणि उत्तर घेऊन परत यायची. पहिल्या यादीत ती तळाशी होती. शाळेने ताईला बोलावून घेतलं. ताईने बाहेर पडता पडताच धाकटीला फोन लावला.

“तुझ्या मशीनने माझ्या पोरीची अब्रू काढली. सगळ्यांदेखत लाल दाखवलं तिला.”

धाकटीला हसू आलं होतं. “अगं, जरा स्थिर बसायची सवय लाव तिला. तेवढंच हवंय.”

ताईने सवय लावली. तिने आयुष्यात कुठलीच गोष्ट अर्धवट केली नव्हती. दोन महिन्यांत भिंगरी तळातून वर सरकली, मग पहिल्या पाचांत आली. नुसती तीच नाही, तिन्ही शाळांतली पोरं वर चढत होती. पट्टी दिसायला लागल्यापासून लक्ष वाढलं, असा आलेख धाकटीने काढला, आणि सर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटले. शोधनिबंध स्वीकारला गेला. प्रबंधाची तोंडी परीक्षा महिन्यावर आली. धाकटीला बऱ्याच वर्षांनी नीट झोप लागायला लागली होती.

अशात एका दुपारी ती ताईकडे गेली. तास चालू होता, म्हणून ती दाराशीच थांबली. भिंगरी पाठ ताठ करून बसली होती, हनुवटी वर, डोळे कॅमेऱ्याच्या ठिपक्यावर. चेहऱ्यावर हलकंसं हसू होतं, फोटो काढताना ठेवतात तसं. बाई गणित सोडवत होत्या आणि मुलांना उतरवून घ्या म्हणत होत्या. भिंगरीच्या मांडीवर, टेबलाखाली, वही होती. ती न बघता लिहीत होती. एक ओळ दुसऱ्या ओळीवर चढत होती, पाचावर तीन, तिनावर आणखी काहीतरी. नजर मात्र तसूभर हलत नव्हती. कडेला पट्टी हिरवीगार.

तास संपल्यावर धाकटीने विचारलं, “हे तुला वाचता येतं?”

“नाही.”

“मग लिहितेस कशाला?”

“बाई सांगतात ना, लिहा म्हणून.” भिंगरीने समजूत घालावी तसं सांगितलं. “पण खाली बघितलं की लाल होतं. आमच्या वर्गात सगळे असंच करतात. एक जण तर लिहीतच नाही. त्याची पट्टी माझ्याहून चांगली आहे.”

“आज काय शिकवलं बाईंनी?”

भिंगरीने मांडीवरची वही उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, “मावशी, तुझ्या मशीनला मी आता आवडते. आई म्हणाली.”

धाकटी तिथून तडक लॅबमध्ये गेली आणि शाळेकडून गणिताच्या चाचण्यांचे मार्क मागवले. ते तिने आजवर कधी मागितलेच नव्हते, कारण तिच्या प्रबंधाचा विषय लक्ष हा होता, गणित नव्हे. पट्ट्या ज्या महिन्यांत चढल्या त्याच महिन्यांत मार्क घसरले होते. मग तिने मुलांच्या क्लिप उघडल्या. एकामागून एक ताठ माना, एकामागून एक तेच हसू. तिने चौघांना जो नियम दिला होता, तो या मुलांनी कुणी न सांगता शोधून काढला होता आणि अंगवळणी पाडला होता. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की शेजारच्या टेबलावरचा मुलगा काय विचारतोय ते तिला ऐकूच आलं नाही.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. धाकटीचं पहिलंवहिलं लिखाण कुणी हातात धरेना, तेव्हा त्यांनी ते ओळ अन् ओळ वाचलं होतं. त्यांनी मार्कांचा तक्ता शांतपणे पाहिला आणि चष्मा पुसायला घेतला.

“चाचण्या आपल्या अभ्यासात नाहीत.”

“नाहीत, सर. पण मुलं लिहीत नाहीयेत.”

“शेवटी ‘मर्यादा’ म्हणून प्रकरण असतं. तिथे एक परिच्छेद टाक. त्यासाठीच असतं ते.”

“आणि पट्टी?”

“परीक्षा होऊ दे तुझी. मग बंद कर. मी स्वतः सही करतो.” चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, “आत्ता बंद केलीस तर निबंध मागे घ्यावा लागेल. प्रबंधात त्याशिवाय आहे काय? नीट विचार कर. हे तुझ्या भल्याचंच सांगतोय.”

ते खरंच तिच्या भल्याचं होतं. अडचण एवढीच, की प्रयोगात भाग घेणाऱ्याला अपाय होतोय असं दिसलं तर संशोधकाने तो ताबडतोब थांबवायचा, असा नियम असतो. धाकटीने त्याच्याखाली सही केली होती. सगळेच करतात, तशी न वाचता.

थांबवण्याआधी ताईला सांगायला हवं, म्हणून ती संध्याकाळी तिच्याकडे गेली. ताई पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. भिंगरी बाहेर गेली होती. धाकटीने सगळं सांगितलं, सुरुवातीच्या त्या नियमापासून. ताईचे हात चालूच होते.

“पुढच्या वर्षी वरच्या तुकडीत कोण जाणार, ते पट्टी आणि चाचणी मिळून ठरणार आहे,” ताई म्हणाली. “ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“चाचणीत ती आपटलीय. पट्टीमुळे तग धरून आहे. पट्टी काढलीस की उरलं काय?”

“ताई, ती काहीच शिकत नाहीये.”

“ते मला दिसत नाही असं वाटतं का तुला?” आता मात्र ताईच्या हातातला शर्ट तसाच राहिला. “लाल झाली तेव्हा मी तुला फोन केला. तू हसलीस. सवय लाव म्हणालीस. लावली मी सवय. शेजारी बसून, तिची हनुवटी धरून. एकदा सारखी वहीत बघत होती म्हणून फटका मारला तिला. वहीत बघत होती म्हणून. तुझ्या शब्दावर मारला मी.”

धाकटीने पलंगावरचा एक कपडा उचलला आणि तसाच परत ठेवला.

“निवड होईपर्यंत थांब,” ताई म्हणाली. “एवढंच. बहीण म्हणून मागतेय.”

धाकटीने आजवर ताईकडून हवं ते मागून घेतलं होतं, कपड्यांपासून कॉलेजच्या पुस्तकांपर्यंत. ताईने तिच्याकडे काही मागण्याची ही पहिलीच खेप. ‘हो’ अगदी तिच्या ओठांवर आलं होतं. आणि वाईट म्हणजे, त्यात तिचाही फायदा होता. ताईसाठी थांबले म्हणता म्हणता प्रबंधही पार पडला असता, वर मन मोठं दिसलं असतं. हे ध्यानात आलं आणि तिला स्वतःचा संताप आला. तिन्ही शाळांत प्रत्येक घरी अशी एक आई असणार, हनुवटी धरून बसलेली.

“नाही थांबता येणार,” ती म्हणाली.

ताईने शर्टाची घडी पुरी केली. “मग कशाला विचारायला आलीस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने सर्व्हरवर मॉडेल बंद केलं. त्याला मिनिटही लागलं नाही. मग संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीला, शाळांना आणि निबंध घेणाऱ्या नियतकालिकाला कळवलं. नियम कुणी लिहिला, कशासाठी लिहिला आणि त्याने काय झालं, सगळं. शोधनिबंध मागे घेते, असंही लिहिलं. सरांनी ते वाचून “बरं” एवढंच उत्तर पाठवलं, आणि नंतर कितीतरी दिवस त्यांच्या खोलीचं दार तिला लावलेलंच दिसलं. मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. पालक विचारतायत म्हणाल्या, पट्टी परत कधी येणार. तशीच पट्टी बाजारात तयार मिळते म्हणे, ती बसवून घ्यावी का, असा त्यांनी धाकटीचाच सल्ला घेतला. धाकटीने परोपरीने सांगितलं, नको. त्या म्हणाल्या, बघू.

आठवडाभराने ती ताईकडे गेली. ताईने दार उघडलं आणि पाठ फिरवून आत निघून गेली. दुपारचा तास चालू होता. पडद्यावर पट्टी नव्हती, नुसत्या बाई होत्या आणि त्यांचं गणित होतं. भिंगरी तशीच बसली होती. पाठ ताठ, हनुवटी वर, चेहऱ्यावर तेच हसू. धाकटी खुर्ची ओढून शेजारी बसली.

“मावशी, पट्टी दिसत नाही,” ओठ फारसे न हलवता भिंगरी कुजबुजली.

“मी काढली.”

“मी काही चुकले का?”

“नाही गं. मीच चुकले. आता तुला कुणी बघत नाही. तुला हवं तसं बस.”

भिंगरीने ते ऐकलं. तिचे खांदे जरासे खाली आले, हसू जाऊन ओठ नुसतेच राहिले. बाईंनी नवं गणित घातलं. पडद्यावरच्या बाकी मुलांच्या चौकटींमध्ये सगळ्या माना अजून ताठ होत्या. भिंगरीची नजर थोडा वेळ इकडेतिकडे चाचपडली, मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “मग मी कुठे बघू?”

धाकटीने तिची वही टेबलावर ठेवली, कोरं पान काढलं आणि पेन्सिल हातात दिली. भिंगरीने गणित उतरवून घेतलं, मान खाली घालून, नीट. पहिली पायरी लिहिली. आणि पेन्सिल तिथेच थांबवून तिने वर पाहिलं. छताकडे नाही, पडद्याकडेही नाही. तिने मावशीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मावशीची मान होकारार्थी हलेपर्यंत नजर तिथेच धरून ठेवली.